गाडीचा सुस्कारा

हे गेल्यानंतर दोन वर्षे गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे लहानसे मशीन शॉप. त्याचा हिशेब मी पंचवीस वर्षे लिहिला. लेथवरचे टूल बोथट झाले की आतल्या खोलीत बसून मला ते आवाजावरून कळे, एवढेच माझे यंत्रज्ञान. यांनी आयुष्यात हौस अशी एकच केली : जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती आणि टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, हे मला यांच्याकडूनच कळले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. वाया जाणारा धूर कामाला लावण्याची ही युक्ती आमच्या काटकसरी घरात शोभणारीच होती.

गेल्या वर्षी मुलगा पुण्याहून महिनाभर आला आणि त्याने गाडी बाहेर काढली. "आई, गाडी ओढत नाही गं," तो म्हणाला. ते खरे होते. चार दिवस ती कुठल्याशा गॅरेजात राहिली आणि परत आली ती बोलतच. ॲक्सिलरेटर सोडला की बॉनेटखालून मोठा फुत्कार निघे. मूळ एअर फिल्टरची काळी पेटी जाऊन तिथे लाल शंकूसारखा उघडा फिल्टर आला होता, आणि पाइपावर चकचकीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. गल्लीतली पोरे गोळा झाली. खर्च किती झाला ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. वडिलांच्या गाडीवरून त्याचा हात फिरतो आहे, याचेच मला समाधान होते.

त्या आठवड्यात आम्ही रत्नागिरीला गेलो. परत येताना आंबा घाट चढत होतो. पुढे उसासे टाकणारा मालट्रक. मुलाने तो ओलांडायला घेतला, तोच वळणावरून एसटी आली. त्याने झटकन ॲक्सिलरेटर सोडला आणि क्लच दाबला. फुत्कार झाला, आणि त्यामागोमाग शांतता. इंजिन बंद. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगचीही मदत सुटते. त्याने दोन्ही हातांनी, सारा जीव लावून चाक वळवले. एसटीवाल्याने करकचून ब्रेक लावला, ट्रकवाला डावीकडे सरकला, आणि आमची गाडी कशीबशी त्यांच्यामधून कडेला लागली. हँडब्रेक ओढलेला त्याचा हात थरथरत होता. पाच मिनिटे आम्ही दोघेही बोललो नाही.

रात्री त्याने कागदावर आकृती काढून मला सगळे समजावले. बहुधा स्वतःलाच समजावत होता. फिल्टरनंतर एक सेन्सर आत जाणारी हवा मोजतो, आणि तेवढ्या हवेला लागेल तेवढे पेट्रोल संगणक सोडतो. ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते, दाबलेली हवा अडते आणि टर्बोच्या चक्रावर उलटू पाहते. कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह ही हवा सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात परत सोडतो. नवा व्हॉल्व्ह तिला बाहेर फेकतो. मला ते खतावणीच्या भाषेत चटकन कळले. माल जमा मांडला, आणि तो बिलाशिवाय मागच्या दाराने गेला. संगणक गेलेल्या हवेसाठीही पेट्रोल ओतत राहतो, मिश्रण बिघडते आणि इंजिन गुदमरते. हवा मोजण्याऐवजी दाब मोजणाऱ्या गाड्यांमध्ये हा घोटाळा होत नाही. आमची गाडी त्यांतली नव्हती.

"मग फिल्टर का बदललास?" मी विचारले. "आवाजासाठी," त्याने खाली मान घालून सांगितले. दुसऱ्या दिवशी फेरफटका मारून आल्यावर मी बॉनेट उघडायला लावले. त्या लाल शंकूभोवतीची हवा भट्टीसारखी. जुनी पेटी समोरच्या बाजूने बाहेरची थंड हवा घेई. दाब तोच असताना हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती वजनाने सुमारे ९ टक्के कमी भरते. शिवाय आमच्या भागात फाउंड्रीच्या वाळूची धूळ. गाडी अधिक गरजू लागली होती, अधिक ओढत मात्र नव्हती.

जुना व्हॉल्व्ह गॅरेजवाल्याने एका पिशवीत घालून दिला होता. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो हातात घेतला, नळीला तोंड लावून हवा ओढली, आणि हसले. आतला रबरी पडदा फाटला होता. म्हणजे मुलाची तक्रार खरी होती. दाबलेली हवा तिथूनच गळत होती. रोग बरोबर ओळखला गेला होता, औषध तेवढे हौसेचे निघाले. हे मी त्याला मुद्दाम सांगितले, कारण घाटापासून तो माझ्याशी नजर टाळून वागत होता.

त्याच जातीचा, हवा आत परतवणारा नवा व्हॉल्व्ह बसवला. काळी पेटी माळ्यावरून काढून पुसली, तिच्यात कागदी फिल्टर घातला. चकचकीत व्हॉल्व्ह आता शेडमधल्या फळीवर, यांच्या मायक्रोमीटरशेजारी आहे. तो मी टाकू दिला नाही.

पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मला रंकाळ्याच्या बाजूने फिरवून घेऊन आला. परतताना एका लांब दगडी भिंतीलगत त्याने काचा खाली घेतल्या, वेग घेतला आणि ॲक्सिलरेटर सोडला. भिंतीवरून एक बारीक सुस्कारा परत आला, दमलेला माणूस खुर्चीत टेकताना सोडतो तसा. यांच्याशेजारी इतकी वर्षे बसून तो मी कधी ऐकला नव्हता. "पुन्हा एकदा कर," मी म्हटले.