डाव्या चाकाची झीज

आमच्या जोयडा तालुक्यात गाडी चालवायला शिकणं म्हणजे आधी गाडी थांबवायला शिकणं. कुंभारवाड्याकडून कारवारला जायचं तर अंशीचा घाट उतरून कद्र्याला यावं लागतं. दोन्ही बाजूंना जंगल, वळणामागून वळण, आणि पावसाळ्यात धुकं इतकं की समोरची बस दिव्यांवरूनच ओळखायची. कचेरी असो की मोठा दवाखाना, जिल्ह्याचं गाव घाटाखाली. बाबांची जुनी गाडी त्यामुळे एकट्या आमच्या घरची राहिलेली नाही. कुणी आजारी पडलं की आमच्या दारात हाक येते.

गेल्या ऑक्टोबरात सुट्टीला घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे जातेय रे. परवा शेजारच्या काकूंना घेऊन घाट उतरत होतो. बस बाजूनं गेली तेव्हा मधे हातभर जागा नव्हती. माझाच पाय आता सारखा पडत नसेल. रात्रीचं कुणाला न्यायचं बंद करतो."

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मे महिन्यात मीच बदलले होते. मोबाईलवर बघून, मिस्त्रीचे पैसे वाचवून. नवे पॅड पाच महिन्यांत कसे बिघडतील? म्हणून मीही म्हटलं, "घाटात तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच उतरता, त्यामुळे असेल." बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खालच्या गिअरमध्ये, अगदी हळू, गाडी जोयड्याला मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. चारही चाकांजवळ न टेकवता तळहात धरला. पुढच्या डाव्या चाकाची धग मलाही लांबून लागली. "हे चाक अडकतंय," म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं. चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते, तिच्या आत-बाहेर एकेक पॅड. पण आमच्या गाडीत पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पाय दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबानं पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. दोन्हींनी मिळून डिस्क चिमटीत धरली तर ब्रेक लागला. म्हणजे सगळा खेळ त्या सरकण्यावर.

पुढची दोन्ही चाकं उचलली. ब्रेक दाबून सोडला आणि हातानं फिरवलं. उजवं सहज फिरलं, डावं जड. "आता नळी बघू." मामांनी एअर काढायचं निपल किंचित सैल केलं. थोडं ऑईल आलं, चाक तसंच जड. रबराची नळी आतून सुजून दाब अडकला असता, तर निपल उघडल्यावर चाक सुटलं असतं. तेव्हा नळी सुटली संशयातून.

मग चारही पॅड काढून जुन्या पेपरवर ओळीनं मांडले. उजवीकडचे दोन्ही सारखे, साधारण सात मिलिमीटर. डावीकडचा बाहेरचा जवळजवळ नवा, नऊ. आणि आतला जेमतेम दोन, तोही तिरका, खालच्या टोकाला लोखंडापर्यंत आलेला. तीन मिलिमीटरच्या खाली पॅड ठेवू नये म्हणतात. आम्ही त्यावर माणसं घेऊन घाट उतरत होतो.

"बघ की," मामा म्हणाले, "पायाचा दोष असता तर चारही घासले असते. पाय एकाच पॅडला कसा ओळखेल?"

मला उत्तर नव्हतं.

शिकंजा लावून पिस्टन मागे दाबला, तो मऊपणे गेला. मग पिना. वरची हातानं आली. खालची हलेना. पाना लावून फिरवत, ठोकत काढली, तर तिच्यावर गंज आणि घट्ट झालेलं पिवळं ग्रीस. भोवतीचं रबर फुगून सैल पडलेलं, त्यातून पावसाचं पाणी आणि लाल माती आत गेलेली.

"हे बेरिंगचं ग्रीस कुणी लावलं?"

"मी."

मामा रागावले नाहीत. पेट्रोलियमच्या ग्रीसनं हे रबर फुगतं, इथं ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस लागतं, तेही पातळ हातानं, एवढंच सांगितलं. पिन अडकली म्हणून कॅलिपर सरकेना. बाहेरचा पॅड नुसता बसून राहिला आणि आतला दोघांचं काम करत झिजला, पाय काढल्यावरही घासत राहिला. डावीकडची पकड अशी अर्धी, उजवीकडची पुरी, म्हणून गाडी उजवीकडे. नुसता पॅड बदलला असता तर संक्रांतीनंतर तो नवाही असाच झिजला असता.

डावीकडच्या पिना आणि रबरं नवी घातली. उजवीकडेही माझंच ग्रीस होतं, तिथंही पिना पुसून रबरं बदलली. डिस्क बघितली, खोल चर नव्हते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदम बदलले. एकाच बाजूचे बदलले तर पकड पुन्हा असमान. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं, आमचं दोन वर्षांपेक्षा जुनं होतं, तेही नवं भरून एअर काढली. गाडी हलवण्याआधी मामांनी पॅडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं, कारण मागे दाबलेला पिस्टन पुन्हा जागेवर यावा लागतो. हे विसरलं तर पहिला ब्रेक रिकामा जातो.

संध्याकाळी बाबांना घेऊन गावाबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सरळ.

"बाबा, तुमचा पाय बरोबर आहे. पिनेला चुकीचं ग्रीस मीच लावलं होतं. आणि वर तुम्हालाच बोललो."

ते स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे रात्रीचं न्यायला हरकत नाही."

"नाही. पण नवे पॅड आहेत, पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात दाबू नका."

"तू शिकव आता मला," असं म्हणून हसले आणि गाडी घराकडे वळवली.