सोडण्यासाठी सांभाळलेली लेकरं



आमच्या धर्मग्रामात रविवारी मिस्सानंतर सहावी-सातवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. जुन्या करारातले शुद्ध आणि अशुद्ध प्राणी शिकवत असताना एका मुलीने हात वर केला. "टीचर, वटवाघूळ जर अशुद्ध, तर देवाने ते केलं कशाला?"

प्रश्न चांगला होता. लेवीय पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात खाऊ नयेत अशा पाखरांची यादी आहे आणि तिच्या अगदी शेवटी वटवाघूळ येतं. पण ती यादी माणसाच्या ताटाची. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपली सगळी निर्मिती न्याहाळतो आणि ती त्याला चांगली वाटते. त्यातून तो कोणालाही वगळत नाही. पुढे प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 मध्ये यापो गावी पेत्राला आकाशातून उतरणारी चादर दिसते. तिच्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी असतात आणि देवाने शुद्ध केलेल्याला तू अपवित्र म्हणू नकोस, असं त्याला बजावलं जातं.

आपल्या देशाच्या कायद्यातही अशीच एक यादी होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवली होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली गेली. आणि आपल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे राहणारी वटवाघळाची एक जात अनेक दशकं साऱ्या जगात फक्त त्याच ठिकाणी ठाऊक होती. जगातून अभ्यासक ज्याच्यासाठी आले, ते आपल्या दाराशी लटकत होतं.

त्या मुलीसाठी उत्तर शोधताना मला ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयाची माहिती मिळाली. क्वीन्सलँड राज्यात अॅथर्टनच्या पठारावर टोल्गा नावाचं गाव आहे. तिथे जेनी मॅक्लीन या बाईंनी वटवाघळांसाठी रुग्णालय उभं केलं. तिथल्या रानात मोठी, फळं खाणारी वटवाघळं राहतात. डोळ्यांभोवती फिकट केस, त्यामुळे चष्मा घातल्यासारखी दिसतात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा पिल्लांचा काळ आणि नेमक्या त्याच दिवसांत एक गोचीड त्यांना चिकटते. तिच्या विषाने अंग लुळं पडतं. आई झाडावरून खाली येते आणि मरते. पिल्लू मात्र अनेकदा जिवंत असतं, मेलेल्या आईच्या छातीला घट्ट धरून.

म्हणून त्या दिवसांत स्वयंसेवक रोज झाडांखाली फिरतात, गवत बाजूला सारून बघतात. काही वर्षी शेकड्याने अनाथ पिल्लं येतात. पिल्लाला आईच्या अंगाची सवय असते, म्हणून त्याला फडक्यात गुंडाळून ऊब देतात. थोड्या थोड्या वेळाने बाटलीने दूध, मग तोंडात लहान बाळाची असते तशी चोखणी. रात्रीही उठावं लागतं. घरात तान्हं बाळ सांभाळलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

पण तिथली दया भाबडी नाही. वटवाघळांकडून जीवघेणा विषाणू येऊ शकतो, म्हणून रेबीजची लस घेतल्याशिवाय कोणी त्यांना हात लावत नाही. आणि काम कधी संपतही नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये केर्न्सच्या परिसरात उष्णतेची लाट आली, पारा 42 अंशांच्या वर गेला आणि याच जातीची सुमारे 23,000 वटवाघळं मेली. ऑस्ट्रेलियातली जवळजवळ एक तृतीयांश. असं झाल्यावरही दुसऱ्या दिवशी उठून एका पिल्लाला दूध पाजायचं, याला मी श्रद्धाच म्हणते.

मला सर्वांत जास्त भिडलं ते पुढचं. पिल्लू थोडं मोठं झालं की त्याला फळांचे तुकडे देऊ लागतात आणि दूध तोडतात. मग इतर पिल्लांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात. माणसांचा स्पर्श मुद्दाम कमी करतात, कारण माणसाच्या अंगावर येऊन बसणारं वटवाघूळ रानात टिकत नाही. शेवटी एका संध्याकाळी पिंजरा उघडतात. कोणी हाकलत नाही. काही दिवस बाहेर फळं ठेवलेली असतात. ज्याला परत यावंसं वाटतं ते येतं, खातं, पुन्हा जातं. हळूहळू येईनासं होतं. रात्री जागून वाढवलेलं पिल्लू परत आलं नाही, म्हणजे काम नीट झालं.

हे वाचत होते ते दिवस आमच्या घरात जड होते. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा तीन वर्षांचा होता. वडील कुवेतला नोकरीला. आम्ही त्याला घरी आणलं. नऊ वर्षं तो आमच्याकडे वाढला, पहिला ख्रिस्तप्रसाद आमच्याच चर्चमध्ये घेतला. मग त्याचे वडील परतले, मडगावला काम धरलं आणि एक दिवस येऊन म्हणाले, "अक्का, पोराला आता माझ्याजवळ न्यावं म्हणतो." बोलताना ते खाली बघत होते. बापाचं मागणं चुकीचं नव्हतं. तरी त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

त्या आठवड्यात मी शमुवेलाचं पहिलं पुस्तक उघडलं. हन्नाने रडून-रडून मागितलेला मुलगा. त्याचं दूध तुटल्यावर तिने त्याला शिलो येथे परमेश्वराच्या मंदिरात नेऊन सोपवलं. पण पुढे दर वर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. सोडलं, पण फळं बाहेर ठेवली.

आम्हीही तसंच केलं. आधी नाताळची सुट्टी तो वडिलांकडे राहिला, मग मे महिना, जूनला तिथल्या शाळेत नाव घातलं. निघताना त्याने विचारलं, "मावशी, मला वाटलं तर परत येऊ ना?" म्हटलं, "बाळा, तुझी खाट हलवणार नाही." सुरुवातीला रोज फोन यायचा. आता आठवड्याने येतो, आणि त्यात फुटबॉलच जास्त असतो. टोल्गाच्या माणसांनी हे ऐकलं तर म्हणतील, पिल्लू थव्यात मिसळलं.

आपल्याकडेही उन्हाळ्यात, वळवाच्या वाऱ्यात वटवाघळाचं पिल्लू झाडाखाली पडलेलं दिसू शकतं. त्याला उघड्या हाताने धरू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, वनखात्याला कळवा. कोणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने खूप वेळ धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. आणि दगड मारू नका. हे पिल्लूही कोणाच्या तरी छातीवरून पडलेलं आहे.

पुढच्या रविवारी त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: देवाने वटवाघूळ रानात बिया आणि परागकण वाहून न्यायला केलं. आणि कदाचित आपण कोणावर दया करू शकतो, हे आपल्याला दाखवायलाही.

प्रार्थना करू या: हे दयाळू पित्या, तू सोपवलेली लेकरं सांभाळायला आम्हाला ऊब दे, आणि वेळ आली की हात उघडायला बळ दे. ज्यांना कोणी उचलून घेत नाही, त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव. आमेन.