दावीदाला पळून जायचं होतं

स्तोत्रसंहितेतलं 55 वं स्तोत्र आज पुन्हा वाचलं. परंपरेनं ते दावीद राजाचं. गल्याथला लोळवणारा हा गडी इथे चक्क थरथर कापतोय. कबुतराचे पंख असते तर रानात उडून गेलो असतो म्हणतोय. यहूदियातल्या ओसाड कड्यांच्या कपारींत कबुतरं खरंच राहतात, म्हणजे ही निव्वळ कविकल्पना नसावी.

भीतीचं कारण पुढे कळतं. वैऱ्याचं सोसलं असतं, पण घात केला तो देवाच्या घरी बरोबरीनं जाणाऱ्या जिवलगानं. तो म्हणजे दावीदाचा सल्लागार अहीथोफेल, असं जुने टीकाकार सांगतात. मला त्या नावाची गरज नाही, माझ्याकडचं एक तिथे आपसूक बसतं.

मला भावतो तो यातला विस्कळीतपणा. संध्याकाळी, सकाळी, दुपारी गाऱ्हाणं घालीन म्हणतो, जरा सावरतो, आणि लगेच पुन्हा त्या गोडबोल्या मित्रावर घसरतो. माझ्याही प्रार्थना अशाच भरकटतात. देवावर भार टाकण्याचं वचन लोक भिंतीवर लावतात. ते 22 वं. आधीची 21 कोणी फ्रेम करत नाही! आणि शेवटच्या 23 व्या वचनातही दावीदाचा राग काही गेलेला नाही.