मतपेटीपुढची भाऊबंदकी

पोलंड हें नांव कोल्हापुराकडील जुन्या मंडळींस परकें नाहीं. महायुद्धानें देशोधडीस लागलेलीं हजारों पोलिश माणसें १९४३ ते १९४८ या काळांत वळिवड्याच्या छावणींत राहिलीं होतीं. त्यांच्या मायदेशाचें पुढील राजकारण वाचतांना मला मात्र आपल्याकडील घरोघरच्या वाटण्या आठवतात.

१९८९ च्या जूनमध्यें मोजक्याच जागा खुल्या असतांनाही 'सॉलिडॅरिटी' या कामगारसंघटनेनें कम्युनिस्टांस मतपेटींतून नामोहरम केलें. शत्रु समोर होता तोंवर एकी होती; तो हटतांच भाऊबंदकी माजली. १९९१ सालीं ४६० जागांच्या कनिष्ठ सभागृहांत तब्बल २९ गट शिरले. मग १९९३ मध्यें नियम झाला कीं, शेंकडा ५ मतें न मिळविणाऱ्या पक्षास आणि शेंकडा ८ न मिळविणाऱ्या आघाडीस जागा नाहीं. तरीही उजव्या गटांचा मानापमान सुटेना. सुमारें एक तृतीयांश मतें वायां गेलीं, आणि चारच वर्षांपूर्वीं हरलेल्या कम्युनिस्टांचे वारस शेतकरी पक्षाच्या साथीनें सत्तेवर आले!

ठेंच लागल्यावर १९९७ मध्यें बहुतेक उजवे एका झेंड्याखालीं जमले व जिंकले. पण ती एकी गरजेपुरतीच होती. २००१ मध्यें त्या आघाडीस शेंकडा ५.६ मतें पडलीं. जागा एकही मिळाली नाहीं. तिच्यांतील अनेक माणसें 'नागरी मंच' आणि 'कायदा व न्याय' या दोन नव्या पक्षांत पांगलीं. २०१५ मध्यें हीच पाळी डाव्यांवर आली. शेंकडा साडेसात मतें मिळूनही आघाडीची अट थोडक्यांत हुकली, आणि 'कायदा व न्याय' पक्षास शेंकडा ३७.६ मतांवर एकट्याचें बहुमत मिळालें. पुढें न्यायालयांच्या स्वातंत्र्यावरून जें रण माजलें, त्याचें एक मूळ त्या अर्ध्या टक्क्यांत आहे.

म्हणून कसेंही करून एकत्र राहावें, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. २०२३ मध्यें विरोधकांनीं तीन निरनिराळ्या याद्यांवर निवडणूक लढविली, परंतु राज्य मिळून करावयाचें हें उघड होतें. मतदान शेंकडा सुमारें ७४ झालें, आणि तिघांच्या मिळून २४८ जागा आल्या. चुली वेगळ्या झाल्या म्हणून घर मोडतेंच असें नाहीं. आपल्याकडेही सलोख्यानें वाटण्या झालेल्या घरांत सणावारीं एकच पंगत बसते. पोलंडच्या मतपेटीनें मला शिकविलें तें एवढेंच.