तारखेपुढं नाव

जून उजाडला की आमच्या घरात दोन घंटा एकदमच वाजतात. मृग निघतो सात-आठ जूनला आणि शाळा उघडते १५ च्या आसपास. पेरणी आणि शाळाप्रवेश एकाच पंधरवड्यात. मी इस्लापुरात राहते. जवळच्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडं. घरची जमीन कोरडवाहू. सोयाबीन, कापूस आणि मधल्या तासांत तूर. ऑक्टोबरात पुन्हा तेच. इकडं सोयाबीन काढणीला आलेलं, तिकडं पहिल्या सत्राची चाचणी. कापूस फुटला की पोरं पटावर राहतात आणि वर्गातून गळतात, कारण आईबरोबर वेचणीला जायचं असतं. दिवाळीनंतर काही घरं कामासाठी बाहेरगावी निघतात, त्यांच्या लेकरांचं काय करायचं हा आणखी एक घोर.

एका प्रशिक्षणात आम्हाला कागदावर चार चौकोन काढायला लावले होते. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, वगैरे. ही मांडणी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावानं ओळखली जाते आणि स्टीफन कोव्ही यांच्या १९८९ सालच्या सवयींवरच्या पुस्तकामुळं ती घरोघरी गेली. चौकोनांत काही वाईट नाही. पण आमच्या ग्रुपवर जे टपाल येतं ते सगळं ‘तात्काळ’च असतं. साडेदहाला माहिती मागायची, बारापर्यंत हवी, आणि खाली ठरलेली ओळ की विलंबास आपण जबाबदार राहाल. तांड्यावर नेटवर्क धरायला शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. मुलांना ते इतकं सवयीचं झालंय की मी मोबाइल हातात घेऊन उठले की पहिलीतलं पोरगंही सांगतं, ‘मॅडम माहिती पाठवायला चालल्या.’

त्यात घड्याळ बघून आखलेलं काहीच इथं टिकत नाही. पैनगंगा भरून वाहायला लागली की सहस्रकुंडाचा धबधबा बघायला लांबून गाड्या येतात, रस्त्यावर जत्रा भरते, आणि आमच्या वाटेवरचा ओढा मात्र उतरू देत नाही. वीज जाते. एसटी येते तेव्हा येते. दहा ते साडेदहा हे, साडेदहा ते अकरा ते, असली वेळापत्रकं मी कितीतरी हौसेनं केली असतील. पहिल्याच झडीत ती पुसली गेली. टिकला तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कालनिर्णय. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेनं मराठी बायकांना नियोजनाचं जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणानं शिकवलं नसेल. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, गाय कधी भरली, एकादशी कधी, सगळं त्या चौकोनांत. मी त्यात एकच भर घातली. कामाच्या शेजारी वेळ लिहायची सोडली आणि माणसाचं नाव लिहायला लागले. पाऊस आला तर दिवस पुढं सरकतो, पण कुणी करायचं ते सरकत नाही.

तसं हे आमच्या भागाला नवीन नाही. पाडव्याला सालगडी ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षाचं काम एका बैठकीत वाटून मोकळं व्हायची ही जुनी रीत. आता सालगडी आम्हाला परवडत नाही आणि मिळतही नाही, म्हणून कामं गुत्त्यानं देतो. सोयाबीन काढणीची टोळी मी पोळ्यालाच विसार देऊन बांधून ठेवते. लोक हसतात, कारण पोळ्याला रान अजून हिरवंगार असतं. पण वाळलेल्या शेंगा जास्त दिवस उभ्या राहिल्या की तडकतात, दाणे रानातच सांडतात. आणि काढून घातलेल्या ढिगावर परतीचा पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. त्या आठवड्यात टोळी शोधत फिरणाऱ्याला भाव विचारायची सोय राहत नाही.

पेरणीचं काम मात्र मे महिन्यातच सुरू होतं, तेही ओसरीत. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर आधी त्याची उगवण बघावी लागते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो पुरतं. कमी भरले तर बियाणं वाढवायचं. हे काम मी पुतण्याच्या नावावर टाकलंय. तो आठवीत आहे, आणि विज्ञानाच्या वहीत रोज नोंद ठेवतो. मामी म्हणजे माझ्या सासूबाई त्याच्या शेजारी बसतात. गुंडाळी उघडली की पोराला सगळेच दाणे उगवलेले दिसतात. मामी एक-एक दाणा बोटानं उलटा करून बघतात. ‘ह्याला मोड न्हाई आला बाबा, नुसतं फुगलंय. मोजू नको.’ तो म्हणतो, उद्या येईल. मामी म्हणतात, ‘उद्याचं उद्या. आज मोज म्हणलंय न्हवं?’ एका वर्षी दोघांच्या मोजणीत नऊ दाण्यांचा फरक आला आणि संध्याकाळपर्यंत बोलणं बंद होतं. मी मध्ये पडले नाही. मामींची मोजणी धरली, कारण चूक झाली तरी ती बियाणं जास्त पडण्याच्या बाजूची होती.

पेरायचं कधी, हे आमचे हे ठरवतात. मी वर्गातून फोन करून किती ओल गेली ते विचारायचे. आता विचारत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा कृषी विभागाचा सल्ला आम्हा दोघांना मान्य आहे. एवढं एक कलम ठरलं की बाकी त्यांच्या हातात. शेजाऱ्यानं तिफण धरली म्हणून जीव वरखाली होतो तो त्यांचा त्यांनी करावा.

शाळेतली वाटणी जरा निराळी आहे. माझ्याबरोबरचे सर तरुण आहेत आणि पोर्टल, ॲप, लिंक हे त्यांना डोळे झाकून जमतं. मला गावात बसून बोलणं जमतं. म्हणून सगळं ऑनलाइन त्यांच्याकडं आणि सगळी गावफेरी माझ्याकडं. निम्मं-निम्मं केलं असतं तर दोघांनीही अर्धवट केलं असतं. पण इथं एक गंमत आहे. शाळेच्या बहुतेक नोंदण्या मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर आहेत. सर टेकाडावर उभे राहून माहिती भरणार आणि ओटीपी येणार माझ्या फोनवर, आणि मी त्या वेळी कुण्या गैरहजर पोराच्या घरी ओट्यावर बसलेली. काम सोपवून ओटीपी स्वतःकडं ठेवणारा साहेब मी अनेक ठिकाणी पाहिलाय. माझ्यावर ती पाळी तंत्रज्ञानानं आणली. शेवटी शाळेसाठी वेगळं सिमकार्ड घेतलं आणि एक जुना फोन सरांच्या टेबलात ठेवला. ज्या दिवशी हे केलं त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं खरं ओझं उतरलं.

खिचडीचंही असंच. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. किती शिजला, किती उरला, हे साठा नोंदवहीत जातं. शिवाय वाढण्याआधी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते. ती सही रोज माझीच असायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं सांगितलंय, पण बहुतेक ठिकाणी ही समिती म्हणजे ठरावावर अंगठे आणि सह्या. मी चव घेण्याच्या पाळ्या आयांना वाटून दिल्या, नावं फळ्यावर लिहिली. पहिल्याच आठवड्यात एका आईनं पातेल्यात पळी घालून सांगितलं की डाळ शिजली नाही, पोरांना थांबवा. स्वयंपाक करणाऱ्या ताई फुरंगटल्या. मी पाळी बदलली नाही. त्या ताईंना बोलायचं मला अवघड जात होतं, तांड्यातल्याच बाईनं बोललेलं त्यांनी दोन दिवसांत पचवलं.

पहिलीत येणाऱ्या लेकरांचंही आता जूनवर ठेवत नाही. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि आयांचे गट करतात. आमच्या गटातल्या एकीचं शिक्षण चौथीपर्यंत, पण एप्रिल-मे मध्ये दाणे-खडे मोजणं, रंग ओळखणं ती ओसरीत बसून करून घेते. तेही तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत, जे मला जन्मात जमणार नाही. वर्गात गोरमाटीत समजावायचं काम चौथीतली पाणीमंत्री करते. बालमंत्रिमंडळात तिचं खातं पाण्याचं आहे, पण पहिलीतलं पोर रडायला लागलं की दुभाषी म्हणून तिलाच बोलावतात. रांजणाजवळ मात्र ती मलाही ओगराळ्याशिवाय पाणी घेऊ देत नाही.

काही कामं मी कुणाला देत नाही. किर्द आणि साठा नोंदवही माझ्या हातची. आणि सलग न आलेल्या मुलाच्या घरी मीच जाते. निरोप पाठवला तर ‘उद्या धाडतो’ असा निरोप परत येतो. चुलीजवळ बसलं की कळतं पोरगं का येत नाही ते: बहीण बाळंतीण आहे, शेळ्या सांभाळायला कुणी नाही, किंवा घर महिन्याभरात बाहेर निघणार आहे. मग लेकरू आजीजवळ ठेवा म्हणून घासाघीस करायची. ही घासाघीस दिवाळीच्या आधी झाली तरच उपयोग. बोचकी बांधल्यावर कुणी ऐकत नाही.

घरचं बोलायचं तर मला एक गोष्ट खटकत राहिली. एकदा कालनिर्णयाचं पान उलटताना पाहिलं, मी माझ्या नावापुढची जी जी कामं खोडली होती त्यांतली बहुतेक मामींच्या किंवा जाऊबाईंच्या नावापुढं जाऊन बसली होती. मी मोकळी झाले होते आणि घरातली दुसरी बाई बांधली गेली होती. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आलंय, पुरुषांचा ८८ मिनिटं. आमच्या घरात ८८ सुद्धा भरत नव्हती. ह्यांना पान दाखवलं. भाषण केलं नाही, नुसतं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘पाणी मी भरतो. डबे पण.’ डब्यात पहिले काही दिवस भाजी सांडायची, कारण झाकणाची कडी कुठं बसते ते त्यांना माहीतच नव्हतं. आता ते मलाच सांगतात की हा डबा गळतो, दुसरा आण.

मामींनी स्वतःहून मागितलं ते वेगळंच. ‘आश्विनात माझं नाव कुठंच टाकू नको. माहूरला जायचंय.’ रेणुकामातेचं नवरात्र आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येते. टोळीला चहा-भाकर आजवर मामीच पुरवायच्या. म्हणून आता गुत्तं ठरवतानाच चहापाणी तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगते आणि एकरी भावात थोडं वाढवून देते. जाऊबाई म्हणाल्या, उगाच पैसे घालवले. मामी जाऊन आल्या, प्रसाद वाटला, आणि पुढच्या आश्विनाच्या पानावरही त्यांनी मला रेघ मारायला लावली.

आता २०२७ ची जनगणना आहे. प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. शिक्षकाला शाळाबाह्य काम देऊ नये असं शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण त्यातून वगळलेलं आहे, त्यामुळं आम्हा दोघांपैकी एकाला तरी घरोघर फिरावं लागणार. फेब्रुवारीतच हरभरा काढणीला येतो आणि बाहेर गेलेली घरं अजून परतलेली नसतात. सरांना मी आत्ताच सांगून ठेवलंय की आदेश त्यांच्या नावाचा निघाला तर त्यांचे वर्ग मी घेते, माझ्या नावाचा निघाला तर ओटीपीचा फोन त्यांच्याकडं आहेच. हरभऱ्यापुढं मात्र अजून कुणाचं नाव पडलेलं नाही. जाऊबाईंच्या भावाला विचारलंय, तो पोळ्याला सांगतो म्हणाला.