बारशाचे नावही सरकारजमा

हिर्डोशीच्या उतारावरील घराघराची भातखाचरे पाहताना आम्हांस अल्बेनिया आठवतो. एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट राजवटीत १९६७ पर्यंत तेथील डोंगराळ शेतेही सामुदायिक झाली. १९७० साली गावोगाव वीज आली, साक्षरता वाढली, हे मान्य. परंतु १९६७ मध्येच चर्च व मशिदी बंद झाल्या. १९७५ च्या हुकुमाने धार्मिक नावे बदलणे भाग पडले. शेत, प्रार्थना, बारशाचे नाव, सारेच सत्तेच्या मुठीत गेले. मदर तेरेसांची आई १९७२ मध्ये तिरानात लेकीच्या भेटीविना वारली. धर्मगुरू एर्नेस्ट सिमोनी मात्र बंदिवासातही मुखोद्गत ख्रिस्तयाग अर्पण करीत राहिले. २०१६ साली ते कार्डिनल झाले. प्रिय वाचकहो, गरिबाला न्याय हवाच. पण त्याचे अंतःकरण सरकारजमा करून तो मिळत नसतो.