बेस पाहिजे का खरं?

राजारामपुरीतल्या एका दुकानात भाच्याला हेडफोन घ्यायला गेलो होतो. काउंटरवर दोन-चार खोकी मांडत दुकानदारानं विचारलं, "बेस पाहिजे का खरं पाहिजे, भावा?" आणि उत्तराची वाट न बघता तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला वायर मोजून द्यायला वळला. भाच्यानं खोकी उघडायला घेतली. मी त्या प्रश्नापाशीच थांबलो. इतकं स्वच्छ लग्न ठरवताना कुणी विचारलं नव्हतं, घर घेताना तर नाहीच.

भाचा घरी बसून संगीत करतो. माडीवरची लहानशी खोली, लॅपटॉप, पुस्तकाएवढा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि आवाज घुमू नये म्हणून खिडकीला टांगलेली आजीची वाकळ. तिथं भक्तिगीतं होतात, शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत होतं, कुणाच्या प्री-वेडिंगच्या व्हिडिओला सनई लागते. एवढ्याशा खोलीत स्पीकरवर भरवसा ठेवता येत नाही. खर्जातले सूर भिंतीला धडकून परत येतात आणि एकमेकांत मिसळतात. कोपऱ्यात बसलं तर बेस दुप्पट, खुर्ची हातभर पुढं ओढली की गायब. शिवाय रात्री शेजारी झोपतात. म्हणून हेडफोन.

आता कोल्हापुरात वाढलेल्या कानाला 'खरं' ऐकवायचं म्हणजे जरा अवघडच. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर डॉल्बीचा दणदणाट सुरू झाला की दुकानांची शटरं थरथरतात आणि छातीत कुणीतरी दुसरंच ठोके देऊ लागतं. मला तो प्रकार आवडत नाही, असं मी चारचौघांत सांगतो. पापाच्या तिकटीला उभा असताना पाय काय करत होते, ते सांगत नाही.

बाजारातल्या बऱ्याच हेडफोनांत हा खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो. ऐकायला झकास. पण त्यावर गाणं मिसळायला बसलं की बेस जास्त वाटतो, म्हणून आपण तो उतरवत जातो, आणि तेच गाणं रिक्षात लागलं की अंगावर मांस नसल्यागत वाजतं. झणझणीत खाऊन बधिर झालेल्या जिभेनं दुसऱ्याच्या आमटीचं मीठ ठरवावं, तसला कारभार.

म्हणून स्टुडिओवाले वेगळे हेडफोन वापरतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला, निळ्या पट्टीचा आणि गुंडाळीच्या वायरीचा. गायिकेचा 'स' जरा जरी टोचत असला तरी हा चुगली करतो. सेनहायजरचा एचडी ६०० हा १९९७ चा, पाठीमागून जाळीचा. जाळीतून हवा खेळते, आवाज डोक्यात कोंडत नाही, वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात. पण बाहेरचा कुकरही ऐकू येतो आणि आतलं गाणं बाहेर माइकपर्यंत पोचतं. बायरडायनॅमिककडे दोन्ही जाती आहेत, बंद पाठीचा डीटी ७७० आणि उघड्या पाठीचा डीटी ९९०. शिवाय ओहमची भानगड. अडीचशे-तीनशे ओहमवाला हेडफोन नुसत्या मोबाइलला जोडला तर आजारी माणसासारखं कण्हतो, त्याला मागून ताकद द्यावी लागते.

"हा एकदम फ्लॅट आहे बघा," दुकानदार म्हणाला. पण कानापाशी रेघ मारल्यागत सपाट वाजणारा हेडफोन कुणालाच खरा वाटत नाही. आपल्या कानाची नळीच तीनेक हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर उचलून धरते. कानाची पाळी, डोकं, खांदेसुद्धा आवाजावर आपापला हात फिरवतात. समोरून येणारा आवाज ह्या सगळ्यांना भेटून पडद्यापर्यंत जातो. हेडफोन थेट दारात उभा, म्हणून त्या उचललेल्या सुरांची टेकडी त्यालाच तयार करून आणावी लागते. किती उंच? त्यावर वाद झाले. शेवटी २०१० नंतरच्या काही वर्षांत हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ लोकांना कानावर वेगवेगळे आवाज चढवून पसंती विचारली आणि बहुतेकांना जे बरोबर वाटलं त्याची वळणदार रेघ काढली. म्हणजे खऱ्याचा आलेखसुद्धा शेवटी बहुमतानंच निघाला. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "असंल की."

ऐकून बघायला मी केसरबाई लावायला सांगितल्या. भाचा म्हणाला, "मामा, ह्यात बेसच नाही." नाहीच. जुन्या तबकड्यांत खालचंही थोडं आणि वरचंही थोडंच. पण खरखरीच्या मागून तो आकार येतो, घसा पूर्ण उघडा, आणि मला दर वेळी तीच शंका येते: हे कुणाचं गाणं ऐकतोय आपण?

कारण केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. पण उमेदीची वर्षं शाहू महाराजांच्या पदरी इथं कोल्हापुरात गेली. १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. त्याआधी, तरुणपणी, आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात गाण्याचा इतका मारा झाला की त्यांचा आवाज बसला, आणि पुन्हा पहिल्यासारखा उघडला नाही. दुसरा एखादा वैतागून शेतीला लागला असता. ह्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकीच नव्यानं बांधली. सरळ रस्त्यानं न जाता वळत-वाकत येणाऱ्या ताना, अनवट आणि जोड राग, लयीच्या अंगानं सरकणारा स्वर. आज जिला आपण मोठ्या आदबीनं जयपूर-अत्रौली म्हणतो, तिच्या मुळाशी एक बिघडलेला घसा आहे.

हिंदुस्थानात तबकड्या १९०२ पासून निघू लागल्या. खाँसाहेब १९४६ पर्यंत होते. ह्या मधल्या काळात कोण कोण त्या कर्ण्यासमोर गाऊन गेलं! त्यांची मात्र एक तबकडी बाजारात आली नाही. म्हणजे त्यांचं जे काही आपल्यापर्यंत पोचलं ते दुसऱ्यांच्या गळ्यांतून. केसरबाई, मोगूबाई, चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, पुढं त्या दोघांकडून मल्लिकार्जुन मन्सूर. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या आणि नंतर केसरबाईंकडेही. ह्यातलं नेमकं खाँसाहेबांसारखं कोण?

केसरबाईंचा तो रुंद, दमदार आवाज ऐकून वाटतं, खाँसाहेब असेच असणार. पण त्यांचा आवाज तर बसलेला! मग तो भरदारपणा बाईंचा स्वतःचा. मोगूबाई ऐकाव्यात तर लयीचा हिशेब असा चोख की वाटतं, मूळ नकाशा हाच. मन्सूरअण्णा ऐकावेत तर राग उघडायच्या आत समेवर येऊन उभे; वाटतं, खाँसाहेबांना घाई असेल तेव्हा असंच होत असेल. सगळ्यांना एकावर एक ठेवून सरासरी काढली तर खाँसाहेब निघतील? मला नाही वाटत. सरासरीत कुणीच गात नाही. माझं विचाराल तर शिकायला मोगूबाई आणि ऐकायला केसरबाई. आणि ह्यातलं खरं कोण, हे ठरवायची सक्ती कुणी केली तर मी चहा प्यायला उठेन.

केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेली. व्हॉयेजर-१ सप्टेंबरात सुटलं आणि त्याच महिन्यात बाई गेल्या. तबकडीबरोबर सुई धाडली आहे, मिनिटाला १६⅔ फेरे द्यायचे हेसुद्धा चित्र काढून समजावलं आहे. हेडफोन नाही धाडला. बरोबरच आहे. तिकडच्याला कान आहे का, त्याची नळी केवढी, टेकडी किती हजार हर्ट्झवर, हे ठाऊक नसताना कुठल्या ओहमचा धाडणार?

सुईवरून तंबोऱ्याची घोडी आठवली, तारा जिच्यावर टेकतात ती. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना एकदा बघितली होती. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही वस्ती, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस अगदी हलकी फिरवायचा, तार चढवायचा, छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा तार उतरवायचा. घोडीचा उतार असा हवा की तार तिला टेकतेही आणि सुटतेही. मग तारेखाली दोरा सरकवला. केसभर इकडं, तंबोरा मुका. केसभर तिकडं, नुसती झणझण. आणि मधे एका जागी सगळी खोली आपसूक भरली. तिथंही दोन जाती आहेत, खुली जवारी आणि बंद जवारी. "कुठली चांगली?" मी विचारलं. "गाणार कोण?" त्यानं उलट विचारलं.

भाच्यानं शेवटी बंद पाठीचा, ऐंशी ओहमचा डीटी ७७० घेतला. त्याला हलगी टिपायची होती, आणि कानातला ठेका माइकमध्ये सांडायला नको होता. नव्या हेडफोनची ओळख व्हावी म्हणून आवडीची जुनी गाणीच तो आधी रोज ऐकत होता. हा कुठं वाढवतो, कुठं खातो, ते एकदा कळलं की पुढचा हिशेब आपला आपण करता येतो, असं त्याचं म्हणणं. मला पटलं.

हलगीवाले आले ते पावसात. कातडं सर्द झालेलं, हलगी बद्द वाजत होती. जिन्याखाली कागद पेटवून ती शेकली, ताणली गेली, कडकडीत बोलू लागली. माडीवर जाऊन दोन आवर्तनं झाली की पुन्हा खाली. खोलीत पहिला ठोका पडला तेव्हा इंटरफेसवरचा लाल दिवा जो लागला तो विझेचना. वाकळीचा काही उपयोग झाला नाही. झाल्यावर भाच्यानं हेडफोन त्यांतल्या म्हाताऱ्या वादकाच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाले, "वाजतंय माझंच. पर ह्यात मैदान न्हाई."

त्यांची हलगी खासबागेतली. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं ते कुस्तीचं मैदान. खाली हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. पैलवानांनी खडाखडी केली की हलगीचा ठोका त्या पायऱ्यांवरून फिरून परत यायचा. तो परत येणारा आवाज त्यांच्या हिशेबात वाद्याचाच भाग होता.

आता भाच्याच्या डोक्यात नवीन खूळ. रिकाम्या जागी फुगा फोडून त्या जागेचा घुमारा टिपता येतो आणि मग तो कुठल्याही वाद्याला लावता येतो. त्यासाठी त्याला भल्या पहाटे खासबागेत जायचंय, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत. परवानगी काढायचं काम त्याचं. फुगे माझ्याकडं. त्यानं बजावून सांगितलंय, वाढदिवसाचे नकोत, जोतिबाच्या यात्रेत मिळतात तसले मोठे आणा.